शनिवारची सायकल

ज्या वर्षी मला इयर बॅक लागलं, त्या वर्षी अप्पा माझ्याशी आईमार्फत बोलत असत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे माझे इतके विषय राहिले की कॉलेजने दुसऱ्या वर्षात बसू दिलं नाही. घरी बसायचं आणि तेच पेपर पुन्हा द्यायचे, याला आमच्या बेंगळुरात सगळे इयर बॅक म्हणतात. अप्पा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे. मुलाचा बिघाड वेळेवर ओळखता आला नाही, याचंच त्यांना जास्त लागलं असावं. ते ओरडले मात्र नाहीत. जेवायला बसलं की आईकडे बघून म्हणायचे, “त्याला विचार, भाकरी हवी का.” मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला असायचो. आई तव्यावरची भाकरी उलटत विचारायची, “हवी का रे संजू?” “अर्धी,” मी म्हणायचो. “अर्धी म्हणतोय,” आई त्यांना सांगायची. मग अप्पा स्वतःच्या हाताने भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवायचे. त्यांनी एखादी कानाखाली ठेवून दिली असती तर मला हलकं वाटलं असतं. आज पंचेचाळिशी उलटली तरी ती अर्धी भाकरी माझ्या घशाखाली नीट उतरलेली नाही. माझ्या मुलीला गणितात कमी मार्क पडले की मी लगेच तिच्याशी गोडीगोडीने बोलायला जातो. ती म्हणते, “बाबा, तुम्ही इतकं छान छान बोलायला लागलात की मला वाटतं, आपलं काही खरं नाही.”

आम्ही जयनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. पहाटे खालच्या मालकीणअक्का अंगणात पाण्याचा सडा मारायच्या, तो सपासप आवाज हाच माझा गजर. मग ‘हूवा, हूवा’ करत फुलवाली यायची आणि आमच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या फिल्टरवर चमचा वाजायचा. अप्पांना न्यायला कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबायची. ती गेली की घरातली हवा जरा सैल व्हायची आणि तशी ती झाली म्हणून मला पुन्हा अपराधी वाटायचं. आई निपाणीकडची. माझ्याशी मराठी बोलायची, बाहेर कन्नड, आणि स्वतःशी दोन्ही. कुकरची शिट्टी लवकर होऊ लागली की ‘स्वल्प थांब रे बाबा’ असं कुकरलाच सांगायची. थंडीत बाजारात अवरेकाळू यायचे, म्हणजे इकडचे पावटे. रात्री भिजत घालायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून उडवायचा. पातेल्यात ते टपटप पडत राहायचे. आई त्यांची इथल्यासारखी आमटी करायची, पण त्यात मसाला घालायची निपाणीचा. अप्पा म्हणायचे, ही आमटी बॉर्डरवर राहते.

आई होसकोटेला एका ट्रस्टच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. पूर्वी आम्ही त्या बाजूला क्वार्टर्समध्ये राहत होतो, तेव्हा धरलेली नोकरी. जयनगरात आल्यावर दोन बस बदलून जावं लागे, तरी तिने ती सोडली नाही. त्या वर्षी एका संस्थेने आसपासच्या शाळांतून एकेक शिक्षिका बोलावून सुट्टीत त्यांना शिकवलं होतं, की लहान मुलांमध्ये आत्मविश्वास कसा आणावा, शिकायची ओढ कशी लावावी. परत गेल्यावर त्या शिक्षिकेने आपल्या शाळेतल्या बाकीच्यांना दर शनिवारी शाळा सुटल्यावर तेच शिकवायचं. आईच्या शाळेतून तीच गेली, कारण बाकी सगळ्यांनी नको म्हटलं होतं. ती भरलेला वर्ग सहज सांभाळायची, पण मोठ्या माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की तिचा घसा कोरडा पडायचा. पहिल्या शनिवारी तिने मला बरोबर घेतलं. “तक्ते धरायला कुणी तरी लागेल,” म्हणाली. घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हा बाहेर पडेल, हे तिने म्हटलं नाही.

शाळेत सगळं बोलणं कन्नडमध्ये. मी इथे मराठीत लिहितोय, पण ती माणसं माझ्या कानात अजून कन्नडच बोलतात. शिक्षिका सात-आठ असतील, सगळ्या बायकाच. एकमेकींना मिस् म्हणायच्या. आई तिथे विमला मिस्. मुख्याध्यापिका गौरम्मा मेडम, त्यांना सगळे एचेम म्हणत, म्हणजे हेडमिस्ट्रेस. त्या पहिल्या बाकावर घड्याळ समोर ठेवून बसल्या. आईने संस्थेची पुस्तिका उघडून मुलांना म्हणायची वाक्यं वाचून दाखवली. ‘खूप छान.’ ‘तुला जमतंय.’ ‘वा, किती सुंदर.’ मागे कुणी तरी स्वेटर विणत होतं. मग पहिलीच्या वर्गाच्या नागरत्ना मिस् बोलल्या. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने भरलेल्या, आवाज असा की मैदानातली मुलं जागच्या जागी थांबावीत.

“विमला मिस्, माझ्या वर्गात एका बाकावर चौघं बसतात. एकाला ‘किती सुंदर’ म्हणेपर्यंत दुसऱ्याने तिसऱ्याची पेन्सिल खाल्लेली असते.”

सगळ्या हसल्या. आईही हसली आणि पुढचं पान उलटायला लागली, तर नागरत्ना मिस् थांबल्या नाहीत. “खरं विचारते. आपण सगळ्या शाळेत पटापट शिकलो, म्हणून टीचर झालो. न येणं म्हणजे काय, हे आपल्याला कुठं आठवतंय? आठवत नाही, तर धीर कशाचा द्यायचा?”

आईने पुस्तिका मिटली. एचेमनी घड्याळ मनगटाला बांधलं आणि म्हणाल्या, “एवढ्यात वह्या तपासून झाल्या असत्या.” परतीच्या बसमध्ये आई पुस्तिकेवर पर्स ठेवून बसली होती, ती वाऱ्याने उघडू नये म्हणून असेल, पण मला वाटलं आई त्या पुस्तिकेचं तोंड दाबून धरतेय.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही तिघं वर्तमानपत्रावर बसून अवरेकाळू सोलत होतो. अप्पा म्हणाले, “त्याला विचार, सायकल गॅलरीत गंजत ठेवायचीय का.” आईने माझ्याकडे बघितलं, मी दाणे उडवत राहिलो. तिचा हात दाण्यावर थांबला. “आमच्या शाळेत एकीलाही सायकल येत नाही,” ती म्हणाली. “मलाही नाही.” जरा वेळाने पुन्हा म्हणाली, “न येणं आठवत नाही म्हणतात ना. आठवेल.” अप्पा हसले. “साड्या नेसलेल्या मास्तरणी सायकलवर?” “मुलंसुद्धा अक्षरांवर अशीच चढतात हो,” आई म्हणाली, “कुणी त्यांना विचारतं का, काय नेसलंय?” आणि मग माझ्याकडे वळून, “संजू, तू धरशील?” इयर बॅक लागल्यापासून पहिल्यांदाच, मला काही येतं असं कुणी तरी धरून चाललं होतं. मी हो म्हणालो.

शाळेच्या शेजारी सायकली भाड्याने देणारं दुकान होतं. पुढच्या शनिवारी तिथून एक लेडीज सायकल मैदानात आणली. एचेमनी आधीच सांगितलं, “माझे गुडघे चांगले नाहीत, मी बघते,” आणि मैदानाच्या कडेच्या करंजाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. पहिली आई. मी मागचं कॅरिअर धरून पळालो आणि ती आयुष्यात पहिल्यांदा मला शिव्या घालत मैदानाच्या टोकाच्या हातपंपापर्यंत जाऊन आली. मग एकेक जण पदर खोचून पुढे आली. जरा वेळात त्या मैदानावर ज्या आरोळ्या, ज्या विनवण्या, ज्या सबबी ऐकू आल्या, त्या पहिलीतल्या मुलांपेक्षा काही वेगळ्या नव्हत्या. कुणाला तहान लागली, कुणाचं पोट दुखायला लागलं, एकीला घरी गॅस बंद केला की नाही ते आठवेना. खुर्चीवरून एचेम ओरडायच्या, “पुढे बघ म्हटलं ना, किती वेळा सांगायचं,” आणि सायकलवरची बाई आणखी वाकडी जायची. आई प्रत्येकीला खाली उतरल्यावर फक्त विचारत होती, “आत्ता कोण काय बोललं तेव्हा पाय थरथरले?” त्या सांगायच्या. पुस्तिका तिने पिशवीतून काढलीच नाही.

सायकल शिकवायची पद्धत मला एकच ठाऊक होती, सगळ्यांना असते ती. मागून धरायचं, पळायचं, ‘धरलंय, धरलंय’ म्हणत राहायचं आणि तोल आला की तोंडाने तेच म्हणत हात सोडायचा. अप्पांनी जयनगरच्या गल्लीत मला असंच शिकवलं होतं. नागरत्ना मिस् सायकलवर बसल्या तेव्हा त्यांनी मान वळवून मला बजावलं, “मगा, सोडायचं नाही.” मगा म्हणजे बाळा. “नाही मिस्,” मी म्हणालो. दुसऱ्या फेरीतच कॅरिअर माझ्या हातात हलकं झालं. त्यांना येत होतं. मी हात काढला आणि मागून ओरडत राहिलो, “हिड्कोंडिद्दीनि मिस्,” धरलंय मिस्. बाकीच्यांनी ते पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्या कशाच्या म्हणून नागरत्ना मिसनी मागे वळून पाहिलं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो, हात मोकळे, तोंड अजून ‘धरलंय’ म्हणणारं.

त्या उजव्या हातावर पडल्या. मी धावत गेलो, तेव्हा त्या मातीत बसून मनगट मांडीवर घेऊन बघत होत्या. कुणी तरी म्हणालं, “अय्यो, पण तुम्ही एकट्याच चालवत होतात हो.” मीही तेच म्हणालो. “मिस्, तुम्हाला आली. मी कधीच सोडलं होतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुखण्यापेक्षा वेगळंच काही होतं त्या बघण्यात. “तू धरलंय म्हणत होतास,” एवढंच त्या बोलल्या.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून त्यांना घरी सोडल्यावर एचेमनी आईला आणि मला ऑफिसात बोलावलं. आवाज चढवला नाही. “विमला मिस्, उद्या नागरत्नाचा नवरा मॅनेजमेंटकडे गेला तर मी काय सांगू? मास्तरणी सायकल खेळत होत्या?” त्यांनी टेबलावरची वह्यांची चळत जवळ ओढली. “शनिवार आता पुन्हा वह्यांचे. ज्या दिवशी नागरत्ना एकटी या मैदानाला फेरी मारेल, त्या दिवशी तुमचं ट्रेनिंग पुन्हा चालू करू.” कधीच होणार नाही अशा गोष्टीबद्दल बोलावं, तसं त्या बोलल्या. आईने मान हलवली. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. तिच्या आयुष्यात तिने स्वतःच्या डोक्याने काढलेलं हे पहिलंच काम होतं आणि ते मी माझ्या हाताने मोडलं होतं, अक्षरशः.

घरी आल्यावर आईने चपला काढायच्या आधी विचारलं, “खोटं का बोललास?”

“सगळे असंच शिकवतात. अप्पांनी मला असंच शिकवलं.”

अप्पा पेपरमागून म्हणाले, “त्याला सांग, तो पडला नव्हता.”

“पडला नाही म्हणून ते खोटं नव्हतं का?” आई म्हणाली.

“अगं, सांगून सोडलं तर कुणीच शिकणार नाही. भीतीनेच पडतील.”

आई स्वयंपाकघरात गेली. डब्यातल्या पिठात हात घालून ती तशीच उभी राहिली होती, मी दारातून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं होसकोटेला नागरत्ना मिसच्या घरी गेलो. आईने डब्यात अवरेकाळूची आमटी आणि भाकऱ्या घेतल्या होत्या. त्यांचे यजमान मवाळ स्वभावाचे, त्यांनीच आम्हाला कॉफी करून दिली आणि बायकोला चमच्याने भरवायला बसले. “मॅनेजमेंटकडे वगैरे जाणार नाही मी,” ते आईला म्हणाले, “घरात पहिल्यांदा हिचं ऐकून घेण्याऐवजी हिला ऐकवायला मिळतंय.” नागरत्ना मिसनी त्यांना डाव्या हाताने एक चापट दिली. मी माफी मागितली. घरून पाठ करून गेलेलं सगळं विसरलो आणि नुसतं “तप्पायितु मिस्” म्हणालो, चूक झाली.

“हाड भरून येईल,” त्या म्हणाल्या. “मला राग कशाचा आला सांगू? मी चालवत होते ना, खरंच चालवत होते. पण ते मला माहीतच नव्हतं. माझं येणं तू माझ्यापासून लपवलंस. आता तू कितीही सांग की मला आली होती, मला ते माझं वाटत नाही.” मग त्या आईकडे वळल्या. “आणि विमला मिस्, तुमच्या त्या पुस्तिकेचंही तेच. माझ्या वर्गात रेणुका आहे, ती तोंड उघडत नाही. तुम्ही सांगितलं म्हणून सोमवारी तिच्या पाटीला मी ‘किती सुंदर’ म्हणाले. अक्षर पार उलटं होतं. तिने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून पाटी दाखवायलाच आणत नाही. तिला कळलं, ही बाई धरलंय म्हणतेय आणि धरलेलं नाही.”

आई कॉफीचा पेला हातात तसाच धरून ऐकत होती. ट्रेनिंगमध्ये तिला ज्यांनी शिकवलं, त्यांनी हे सांगितलं नसेल असं नाही. पण तिला ते त्या दिवशी त्या घरात समजलं, आणि मलाही. आज मी बेळ्ळंदूरला राहतो आणि प्राथमिक शिक्षकांना शिकवायचंच काम करतो. हॉलमध्ये प्रोजेक्टर असतो, चहाबरोबर बिस्किटं असतात, आणि वह्यांवर चिकटवायच्या सोनेरी चांदण्यांच्या पट्ट्या शिक्षक मला कौतुकाने दाखवतात. मुलाला काय येतंय आणि काय अजून येत नाही, हे दोन्ही त्याला खरं सांगा, आणि आधार काढायच्या आधी त्याला विचारा, असं मी सांगतो. लोक ते लिहून घेतात आणि नंतर माझ्या नावाने दुसऱ्यांना सांगतात. मी प्रत्येक वेळी म्हणतो, हे माझं नाही, होसकोटेच्या एका बाईंचं आहे. त्यांना तो विनय वाटतो.

त्या दिवशी नागरत्ना मिसच्या घरून निघताना आई म्हणाली, “फळ्यावर कसं लिहाल आता?” नागरत्ना मिस् माझ्याकडे बघून म्हणाल्या, “याला इयर बॅक आहे ना? मग याला काय काम?” इतक्या सरळपणे तो शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. सोमवारपासून मी त्यांचा उजवा हात झालो.

माझं कन्नड बोलणं चांगलं, पण लिहिणं शाळेत कसंबसं पास होण्यापुरतं. पहिलीच्या फळ्यावर मी ‘अ’ काढला आणि मागून खुसखुस सुरू झाली. नागरत्ना मिस् खुर्चीवरून, मुलांसमोर मला अहो-जाहो करत म्हणाल्या, “डावीकडची गोलाई बरोबर आहे. शेपूट चुकलं. पुन्हा काढा.” वीस वर्षांचा मी, चाळीस चिमुरड्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा काढायला लागलो. शेपूट पुन्हा चुकलं. असं दोन-तीन दिवस चाललं. त्यांनी मला एकदाही छान म्हटलं नाही, एकदाही मठ्ठ म्हटलं नाही. जेवढं जमलं तेवढं बोट ठेवून दाखवायच्या, मग विचारायच्या, “एकटे काढता, की ठिपके देऊ?” मुलांनाही हळूहळू त्या तसंच विचारू लागल्या. कुणी ठिपके मागायचं, कुणी ऐटीत नको म्हणायचं. एकदा मी फळ्याशी झटत असताना खडूच्या उंचीपर्यंतही न पोचणाऱ्या कुणी तरी माझा शर्ट ओढला. रेणुका होती. “सार,” ती म्हणाली, “हात धरू?” वर्ग गप्प झाला, कारण तिचा आवाज बहुतेकांनी ऐकलाच नव्हता. मी वाकलो. तिने माझ्या मनगटाला धरून स्वतःच्या पाटीवर ते शेपूट काढून घेतलं, घामेजल्या छोट्या हाताने, दाबून. मग सोडायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं अक्षर मी एकट्याने काढलं. तिने ते नीट तपासलं आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी घरी येऊन मी माझं गणिताचं पुस्तक काढायचो. मला काय येतं आणि काय येत नाही, याची मी इतके दिवस एकच मोठी मोळी बांधून ठेवली होती. ती सोडून बघितली तर येणारंही बरंच निघालं. एका रात्री जेवताना अप्पा आईला म्हणाले, “त्याला विचार, कुठे अडतंय.” मी आईची वाट न बघता त्यांनाच सांगितलं. ते थोडे दचकले. हात धुऊन आले आणि चष्मा लावून माझ्या वहीपाशी बसले. आई आत भांडी घासत होती, ती आवाज न करता घासायला लागली.

प्लास्टर निघालं तेव्हा थंडी संपून गेली होती. नागरत्ना मिसनी स्वतःच जाऊन सायकल आणली. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्या थांबल्या; वह्या हातात होत्या, पण उघडल्या कुणी नाहीत. एचेमनी खुर्ची करंजाखाली घेतली. “बघा, पुन्हा हाड मोडलं तर मी जबाबदार नाही,” त्या आईला म्हणाल्या. नागरत्ना मिसनी पदर खोचला, सायकलवर बसल्या आणि समोर बघतच मला म्हणाल्या, “विचारशील. मी सांगेन.”

मी कॅरिअर धरून पळू लागलो. एका फेरीनंतर विचारलं, “बिडला?” सोडू का. “बेडा,” त्या म्हणाल्या, नको. आणखी एक फेरी. “बिडला मिस्?” “बेडा.” कॅरिअर पुन्हा हलकं झालं होतं, मागच्या वेळेइतकंच. नुसतं बोट लावून पळत होतो मी. बोट काढलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. त्यांनी फेरी पुरी केली असती आणि आईचं काम तिथल्या तिथे परत मिळालं असतं. मी आईकडे बघितलं. ती बाकीच्यांमध्ये उभी होती, ओठ घट्ट मिटून, आणि मला दिसलं की तीही तोच विचार करतेय आणि करू नये म्हणून धडपडतेय. मी बोट काढलं नाही. सगळी दुपार त्या नकोच म्हणत राहिल्या. शेवटी माझा दम संपला आणि त्या उतरल्या.

एचेम उठून आल्या. “झालं? मग वह्या?”

“पुढच्या शनिवारी,” नागरत्ना मिस् म्हणाल्या.

“म्हणजे असं किती शनिवार चालणार?”

आई पुढे झाली. मोठ्या माणसांसमोर तिचा घसा कोरडा पडतो हे मला माहीत होतं, म्हणून मी तिच्या गळ्याकडेच बघत होतो. “मेडम,” ती म्हणाली, “ते त्या ठरवतील. मी घाई करणार नाही, तुम्हीही करू नका. त्यांना येतंय आणि ते त्यांना आत्ताच कळायला लागलंय.”  एचेमनी शिपायाला सांगितलं, सायकल आत ठेव.

पुढच्या शनिवारी ऊन चांगलंच होतं. दोन फेऱ्या झाल्या, दोन नकार झाले. तिसऱ्यांदा मी विचारलं तेव्हा काहीच उत्तर आलं नाही. मी पळत राहिलो. पंप मागे गेला, टाकी मागे गेली. मग इतक्या हळू आवाजात, की मला ऐकू आलं ते खरं की नाही असं वाटावं, त्या म्हणाल्या, “बिडु.”

“काय मिस्?”

“बिडु अंदे अल्वा,” त्या खेकसल्या. सोड म्हटलं ना.

मी सोडलं. “सोडलं मिस्,” मी ओरडलो.

“माहितेय,” त्या मागे न बघता म्हणाल्या.

त्या गेल्या. करंजाजवळून वळल्या, जरा डगमगल्या, सावरल्या, वर्गांच्या ओट्याजवळून सरळ आल्या. कुणी टाळी वाजवली नाही.  माझ्यापाशी येऊन त्या पुढे निघून गेल्या आणि पुन्हा एक फेरी घेतली. तिसऱ्या फेरीला त्यांचा चेहरा बदललेला दिसला.

“मगा,” जाता जाता त्या म्हणाल्या, “थांबायचं कसं?”

तेव्हा मला कळलं की इतक्या शनिवारांत ते आम्ही कुणीच कुणाला शिकवलं नव्हतं. मी धरायचो आणि मीच थांबवायचो. स्वेटर विणणाऱ्या मिसना हसू फुटलं. मी बरोबरीने धावू लागलो आणि सांगू लागलो, डावा ब्रेक, हळू, पाय खाली, नाही मिस्, मी धरणार नाही, तुम्हीच थांबाल. आई इतकी हसत होती की तिला खाली बसावं लागलं. नागरत्ना मिस् एचेमच्या खुर्चीच्या दिशेने निघाल्या होत्या. गौरम्मा मेडम खुर्ची ओढून बाजूला झाल्या, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, आणि सायकल पुढे निघून गेल्यावर पदर सारखा करत आईला म्हणाल्या, “विमला मिस्, पुढच्या शनिवारी हे आधी शिकवा.”